चाल कोणाची?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

उत्सवातल्या या संध्याकाळी बाहेरचा नामवंत वक्ता बोलावण्याची आपली प्रथा आहे. यंदा मी स्वतःहून कार्यकारिणीकडे गेलो आणि अर्धा तास मागून घेतला. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "विषय काय? रेल्वे?" मी म्हटलं, "नाही, संगीत." ते दोन मिनिटं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचं बरोबरच होतं. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला माणूस, तोही सिग्नल आणि टेलिकॉममधला. संगीताचा डिप्लोमा सोडाच, आरतीला टाळ दिला तरी तो एका मात्रेने पुढे धावतो, हे पहिल्या रांगेतल्या काकू सांगतील. तरीही मी आज अशोक पत्की या संगीतकारावर बोलणार आहे. त्याला एक कारण आहे आणि ते मला जाहीरपणे सांगणं भाग आहे, कारण चूकही जाहीरपणेच झाली होती.

गेल्या वर्षी याच मंडपात मुलांची प्रश्नमंजूषा झाली, ती आठवत असेल. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे होतं. मी ड्यूटीवरून येता-जाता, लोकलमध्ये बसून प्रश्न काढले आणि कार्डांवर लिहिले. त्यातला एक प्रश्न असा होता: "'मिले सुर मेरा तुम्हारा' या गीताचे संगीतकार कोण?" सहावी-सातवीतली एक मुलगी होती, तिने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, "अशोक पत्की." माझ्या कार्डावर लिहिलेलं होतं, "पं. भीमसेन जोशी." मी "चूक" म्हणालो आणि प्रश्न पुढच्या गटाकडे दिला. त्यांनी अर्थातच भीमसेनजींचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या, दहा गुण मिळाले. ती मुलगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काका, ते पत्कींचंच आहे. आजीने सांगितलंय." आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बाळ, कार्डावर लिहिलंय ना."

तिचा गट पाच गुणांनी हरला.

त्या रात्री घरी गेल्यावर सौ.ने विचारलं, "तुम्ही ते कार्ड कशावरून लिहिलंत?" मला आठवेना. कुठेतरी वाचलं होतं, एवढंच. मग मी शोधायला लागलो आणि दोन वाजेपर्यंत जागा राहिलो. त्या रात्री हाती आलं ते, आणि पुढच्या वर्षभरात जे वाचलं, ऐकलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मंडळी, आधी आठवण जागी करतो. १५ ऑगस्ट १९८८. त्या वेळी मी भुसावळला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणारा आठ वर्षांचा मुलगा. आमच्या अख्ख्या चाळीत एकच टीव्ही, शेजारच्या गार्डकाकांकडे, ब्लॅक अँड व्हाइट. त्याच्यावर निळी-पिवळी काच लावलेली, म्हणजे रंगीत दिसतो असं समजायचं. दोनच आठवड्यांपूर्वी 'रामायण' संपलेलं, 'महाभारत' अजून सुरू व्हायचं होतं. रविवारची सकाळ ओस पडलेली. त्या दिवशी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान राजीव गांधींचं भाषण झालं आणि त्यानंतर ते गाणं लागलं. पडद्यावर भीमसेन जोशी आले, त्यांनी तो पहिला सूर लावला आणि गार्डकाकांच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं गप्प झाली. पुढे ते गाणं इतक्या वेळा लागलं, की आम्ही पोरं खेळताना चौदा भाषांतल्या ओळी, अर्थ न कळता, म्हणायचो. आमच्यातला एक तेलुगू ड्रायव्हरचा मुलगा होता, तो त्याची ओळ आली की उभाच राहायचा.

आज तुमच्यापैकी जे चाळिशीच्या पुढचे आहेत, त्यांना मी आत्ता नुसती धून गुणगुणलो तरी पुढचं सगळं आठवेल. पण ती धून बांधली कोणी, हे मी तीस-पस्तीस वर्षांत कधी विचारलंच नाही. लाल किल्ला माझ्या क्वार्टरपासून एका तिकिटाच्या अंतरावर आहे, त्याच्यावरून हजारदा गेलो. पण नाही विचारलं.

तर आता नावं सांगतो. कल्पना सुरेश मलिक यांची, ओगिल्वी अँड मेदर या जाहिरात कंपनीतली. चित्रण कैलाश सुरेंद्रनाथ यांचं. शब्द पीयूष पांडे यांचे. ते तेव्हा त्याच कंपनीत होते, आणि त्या वेळी काही मोठे लेखक वगैरे म्हणून ओळखले जात नव्हते. मलिकांनी त्यांचे सतरा मसुदे परत केले आणि अठरावा स्वीकारला, असं पांडे पुढे सांगत असत. (आमच्या खात्यात तिसऱ्यांदा ड्रॉइंग परत आलं की माणूस बदलीचा अर्ज करतो.) चाल अशोक पत्कींची. वाद्यमेळ बांधण्यात लुई बँक्स, म्हणजे आपल्याकडच्या जॅझमधलं सर्वांत मोठं नाव. आणि पहिला आवाज पंडित भीमसेन जोशींचा.

आता गंमत पाहा. निरनिराळ्या ठिकाणी या गाण्याचं श्रेय निरनिराळ्या माणसाला दिलेलं सापडतं. कुठे भीमसेनजी, कुठे नुसते लुई बँक्स, कुठे आणखी कोणी. मी ज्या नावावर विसंबलो ते या घोळातूनच आलेलं. भीमसेनजींचा आवाज इतका मोठा, की त्याच्या सावलीत चाल बांधणारा दिसेनासा झाला. यात भीमसेनजींचा काय दोष? गाणाऱ्याने गाणं आपलंसं केलं की ऐकणाऱ्याला ते त्याचंच वाटतं. शिवाय असं काम एकट्याचं नसतंच. वाद्यमेळ काढून घेतला तर त्या गाण्याचं काय उरेल, हाही प्रश्न आहेच. पण "सगळ्यांचं मिळून" असं म्हटलं की होतं काय, ज्यांची नावं आधीच मोठी आहेत तीच लक्षात राहतात.

त्या चालीची करामत काय, ते मला समजलं तसं सांगतो. जाणकारांनी हसू नये. एक ओळ आहे. ती चौदा भाषांत म्हणायची आहे. हिंदीत एका शब्दाला दोन अक्षरं लागतात, तमिळमध्ये त्याच अर्थाला पाच लागतात. कुठे जोडाक्षर येतं, कुठे शब्द स्वरावर संपतो. तरी ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी वाटलं पाहिजे की हे तेच गाणं आहे, आणि त्या त्या प्रांतातल्या माणसाला वाटलं पाहिजे की हे आमचं गाणं आहे. म्हणजे चाल ताठ असून चालणार नाही आणि इतकी सैलही नको की ओळखू येणार नाही. आमच्याकडे रुळांना जोड देताना मध्ये थोडी फट ठेवतात. उन्हाळ्यात रूळ वाढला तर जागा हवी. फट ठेवली नाही तर रूळ वाकतो, जास्त ठेवली तर चाक आदळतं. त्या चालीत अशा फटी बरोबर मापाने ठेवलेल्या आहेत. त्यामुळे पंजाबचा ठेका आला तरी ती मोडत नाही, बंगालची ओळ आली तरी मोडत नाही, आणि बालमुरलीकृष्ण आले की ती अगदी कर्नाटकी होऊन बसते.

आणि राग निवडला तो भैरवी. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. इथे सुरुवातच भैरवीने केली. भैरवी भजनात आहे, ठुमरीत आहे, लोकगीतात आहे, सिनेमात तर विचारू नका. दक्षिणेत भैरवी नावाचा राग वेगळा आहे, पण आपल्या भैरवीच्या जवळचा सिंधुभैरवी तिथे घरोघर माहीत. म्हणजे काश्मीरपासून खालपर्यंत कोणालाही "हे काय नवीन?" असं वाटणार नाही असे सूर. सगळ्यांच्या ओळखीचा रस्ता घेतला, पण त्यावरून गाडी आपली नेली.

रेल्वेवाला म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. त्या चित्रफितीत आपली डेक्कन क्वीन आहे आणि कलकत्त्याची मेट्रो आहे. डेक्कन क्वीन १९३० सालापासूनची, आणि कलकत्ता मेट्रो तेव्हा अवघी चार वर्षांची, देशातली एकमेव. आपली दिल्ली मेट्रो यायला २००२ उजाडायचं होतं. मुलं विचारतात, "बाबा, दिल्लीची मेट्रो का नाही दाखवली?" त्यांना सांगावं लागतं की नव्हतीच.

आता ज्यांच्यासाठी उभा आहे त्यांच्याकडे वळतो. अशोक पत्की यांचा जन्म १९४१ सालचा, मुंबईचा. गाण्याची पद्धतशीर तालीम न मिळालेला, ऐकून ऐकून घडलेला माणूस. बहिणीच्या गाण्याला पेटीची साथ करता करता पेटीवर हात बसला, आणि पुढे सुमन कल्याणपूर यांच्या कार्यक्रमांत ते पेटीवर साथीला बसू लागले. साथीदार म्हणजे काय, हे आपल्यापैकी जे भजनी मंडळात आहेत त्यांना माहीत आहे. फोटोत तो अर्धा कापला जातो. पण गाणाऱ्याचा श्वास कुठे संपतो, कोणता स्वर त्याला जड जातो, कुठे त्याला आधार लागतो, हे साथीदाराइतकं कोणालाच कळत नाही. माझा असा समज आहे की पत्कींच्या चाली गायला लावतात, दमवत नाहीत, त्याचं मूळ या साथीच्या वर्षांत असावं. त्याच सुमनताईंसाठी त्यांनी अशोकजी परांजपे यांच्या शब्दांना चाली दिल्या. 'केतकीच्या बनी' आणि 'नाविका रे' ही दोन नावं घेतली तरी पुरे. मागे बसलेल्या आजींच्या मानेची हालचाल मला इथून दिसतेय.

पुढे नाटकं आली. 'मोरूची मावशी'मध्ये विजय चव्हाण लुगडं नेसून जे गाणं म्हणत नाचायचे, त्याचं संगीत पत्कींचं. सुमनताईंचं भावगीत आणि मोरूच्या मावशीचा धिंगाणा एकाच माणसाच्या पेटीतून निघाला, हे मला कळलं तेव्हा मी चाट पडलो.

पण त्यांचं खरं विद्यापीठ मला वाटतं जाहिरातींच्या जिंगल्स. हजारो जिंगल्स त्यांनी केल्या. झंडू बाम आणि धारा तेल ही दोन नावं घेतली की तुमच्या कानात आपोआप काहीतरी वाजलं असेल, वाजलं ना? बघा, मी गायलोसुद्धा नाही! आता, गाणंबजावणं करणारी मंडळी जिंगलला जरा नाक मुरडतात. साबण-तेलाची गाणी! मला मात्र या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं, आणि त्याचं कारण माझ्या धंद्यात आहे.

राजधानी एक्स्प्रेस ताशी १३० किलोमीटरने धावते तेव्हा दहा सेकंदांत ती साडेतीनशे मीटरहून जास्त पुढे जाते. तेवढ्यात लोको पायलटला सिग्नल दिसला पाहिजे, ओळखला पाहिजे, आणि त्याच्या मनात शंका उरता कामा नये. लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. एवढीच भाषा. त्यात शोभेला जागा नाही. जिंगल करणाऱ्याकडेही दहा, वीस किंवा तीस सेकंद असतात. ऐकणारा भाजी चिरतोय, पोराच्या गणवेशाचं बटण लावतोय, त्याचं लक्षही नाही. त्या अवधीत सुरुवात, मध्य, शेवट सगळं आलं पाहिजे आणि नाव कानात राहिलं पाहिजे. नाव कुठल्या स्वरावर टाकायचं, समेवर आणायचं की समेच्या आधी सोडून द्यायचं, याला फार विचार लागत असणार. तीन तासांचं ख्यालगायन मी ऐकू शकत नाही, ही माझी मर्यादा. पण दहा सेकंदांत चूक न करणं काय असतं ते मला कळतं.

ज्या वर्षी 'मिले सुर' आलं त्याच वर्षी, १९८८ मध्ये, राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. त्यासाठीचं 'पूरब से सूर्य उगा' हे गीतही पत्कींचंच. कविता कृष्णमूर्तींचा आवाज. मला ते दुसऱ्या कारणाने आठवतं. आमच्या क्वार्टर्सच्या मागे गँगमन लोकांची वस्ती होती. तिथल्या बायका संध्याकाळी कंदील घेऊन शाळेच्या व्हरांड्यात शिकायला बसायच्या. टीव्हीवर हे गाणं लागलं की त्यातली एक मावशी पाटीवर स्वतःचं नाव लिहून दाखवायची. पगाराच्या रजिस्टरवर अंगठ्याऐवजी सही केली तेव्हा तिने पेढे वाटले होते.

नंतरचा भाग तर आपणा दिल्लीकरांचा स्वतःचा आहे. १९९९ साली अल्फा मराठी सुरू झालं, म्हणजे पुढचं झी मराठी. त्यावर 'आभाळमाया' आली, नंतर २००३ मध्ये 'वादळवाट'. दोन्हींची शीर्षकगीतं मंगेश कुलकर्णी यांनी लिहिलेली, देवकी पंडित यांनी गायलेली आणि संगीत अशोक पत्कींचं. मी दिल्लीला बदलून आलो तेव्हा 'वादळवाट' चालू होती. आमच्या कॉलनीतल्या केबलवाल्याला मी मराठी चॅनेल मागितलं तर तो म्हणाला, "साहब, एक घर के लिए नहीं होगा." मग मी आणि दुसऱ्या ब्लॉकमधले एक काका घरोघर फिरलो. दारावरच्या पाट्या वाचत. कुलकर्णी, शिंदे, पवार दिसलं की बेल दाबायची. एक पवार बिहारचे निघाले, त्यांनी चहा पाजला. सात घरं जमली तेव्हा चॅनेल मिळालं. आज या मंडळाच्या यादीत त्या सातपैकी पाच घरं आहेत. म्हणजे आमची ओळख गणपतीने केली असं आम्ही म्हणतो, पण खरं तर आधी 'वादळवाट'ने केली.

शीर्षकगीताचं काम जिंगलपेक्षाही अवघड आहे असं मला वाटतं. जिंगल कधीमधी लागते. शीर्षकगीत आठवड्यातून पाच वेळा, म्हणजे वर्षाला अडीचशेच्या वर वेळा, तीच माणसं ऐकणार. चार वर्षं मालिका चालली तर हजार वेळा. हजार वेळा ऐकून वीट येता कामा नये आणि पहिल्यांदा ऐकताना कंटाळा येता कामा नये. शिवाय त्यातून सगळ्या कथेचा रंग समजला पाहिजे, तोही कथा पुढे कुठे जाणार हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसताना! आमच्याकडे ते सूर सुरू झाले की आई देवघरातून बाहेर यायची आणि मुलगी अभ्यास टाकून पळत यायची. ती तेव्हा तीन वर्षांची. दिल्लीत जन्मलेली, अंगणवाडीत हिंदी बोलणारी. तिला मराठीतले जे पहिले जोडशब्द आले ते त्या गाण्यातून आले. अर्थ तिने नंतर विचारले. एका शब्दाचा अर्थ मलाही सांगता आला नाही, आईने सांगितला.

म्हणून मला त्या कार्डाची लाज वाटते. ज्या माणसाच्या सुरांवर माझ्या घरातली मराठी टिकली, त्याचं नाव एका मुलीने बरोबर सांगितलं आणि मी ते चूक ठरवलं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. या निमित्ताने वाचताना इंग्लंडची एक गोष्ट सापडली. बीबीसीवर १९६३ पासून 'डॉक्टर हू' नावाची मालिका आहे, तिकडे तिचं शीर्षकसंगीत पोराटोरांना पाठ आहे. त्याचे स्वर लिहिले रॉन ग्रेनर यांनी. पण ते वाजवलं कसं? डेलिया डर्बिशायर नावाच्या बाईंनी, बीबीसीच्या एका कार्यशाळेत. तेव्हा आजच्यासारखे सिंथेसायझर नव्हते. त्यांनी एकेक आवाज वेगळा तयार केला, टेपवर घेतला, ती टेप ब्लेडने कापली, मोजून जोडली, असं करत करत संपूर्ण धून उभी केली. ग्रेनर यांनी ते ऐकलं तेव्हा त्यांना इतकं नवल वाटलं, की यातला अर्धा वाटा बाईंना मिळावा असं त्यांनी म्हटलं. पण बाई नोकरीत होत्या, नियमात बसत नव्हतं. पडद्यावर त्यांचं नाव यायला २०१३ साल उजाडलं, मालिकेचं पन्नासावं वर्ष. बाई २००१ मध्येच गेल्या होत्या.

रिले रूममध्ये ज्यांनी वायरिंग केलं आहे त्यांना ही टेप कापून जोडण्याची गोष्ट लगेच समजेल. एका यार्डाचं इंटरलॉकिंग बदलायचं तर हजारो तारा मोजून, नंबर घालून, एकेक तपासून जोडाव्या लागतात. आठ-आठ दिवस माणसं तिथेच जेवतात, तिथेच पाठ टेकतात. काम झालं की फलक लागतो. त्यावर कोणाची नावं असतात ते तुम्हाला माहीत आहे. मी गाऱ्हाणं सांगत नाही. फलक लहान असतो, सगळ्यांची नावं मावत नाहीत, हे मलाही कळतं. पण कोणी पुढे कधी विचारलं, "हे कोणी जोडलं?" तर उत्तर माहीत असलेलं एक तरी माणूस हवं.

पत्कींना मान मिळालाच नाही असं मात्र नाही, तसं कोणी समजू नये. गोव्याचे दिग्दर्शक राजेंद्र तालक यांच्या 'अंतर्नाद' या कोंकणी चित्रपटासाठी त्यांना उत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चौपन्नावे राष्ट्रीय पुरस्कार ते, २००६ सालच्या चित्रपटांसाठीचे, जाहीर झाले २००८ मध्ये. म्हणजे मुंबईचा मराठी संगीतकार, कोंकणी चित्रपट, सन्मान आपल्या दिल्लीचा, आणि राष्ट्रपतिपदावर तेव्हा आपल्या जळगावकडच्या प्रतिभाताई पाटील. मी तेव्हा दिल्लीतच होतो. वर्तमानपत्रात बातमी आलीही असेल. मी त्या दिवशी बहुधा खेळाचं पान वाचत होतो.

आणि थांबले कुठे ते? 'आईशप्पथ' या २००६ च्या चित्रपटातलं सौमित्र यांचं 'दिस चार झाले' साधना सरगम यांच्या आवाजात ऐका. मग लगेच स्वप्निल बांदोडकरांचं 'राधा ही बावरी' ऐका. त्यात शब्दही पत्कींचेच आहेत. साठी ओलांडलेल्या माणसाची चाल कॉलेजातली पोरं गॅदरिंगला म्हणत होती! आत्मचरित्राचं नाव त्यांनी 'सप्तसूर माझे' ठेवलं. आपल्या मंडळाच्या वाचनालयासाठी त्याची एक प्रत मी आज देत आहे. ग्रंथपाल वहिनी, नोंद करून घ्या.

एक शेवटची तुलना करतो. २६ जानेवारी २०१० ला 'फिर मिले सुर' नावाने ते गाणं नव्याने काढलं. वाद्यमेळ पुन्हा लुई बँक्स यांचा, दिग्दर्शन पुन्हा कैलाश सुरेंद्रनाथ यांचं, कलाकारांची मांदियाळी, लांबी सोळा मिनिटांच्या वर. चित्रण सुंदर होतं, एकेक तुकडा ऐकायला छान होता. पण त्या दिवशी आमच्या घरात कोणी ते संपेपर्यंत बसलं नाही. पहिलं गाणं सहा मिनिटांच्या आसपासचं. मला वाटतं फरक फटींच्या मापात आहे. नव्या गाण्यात प्रत्येकाला आपापली जागा एवढी मोठी दिली, की मूळ ओळ शोधावी लागली. कोणाला तेच जास्त आवडत असेल तर माझी तक्रार नाही. चहाच्या वेळी भांडू.

आता माझं मुख्य काम. गेल्या वर्षीच्या प्रश्नमंजूषेचा निकाल मी परीक्षक म्हणून बदलू शकतो का, असं अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, करंडक दिला तो दिला, त्या मुलांनीही मेहनत केली होती, त्यांच्याकडून परत कसा घ्यायचा? बरोबर आहे. त्या मुलांची चूक नव्हतीच, ती माझी होती. पण मंडळाच्या वहीत त्या दिवसाच्या गुणतक्त्यावर मी काल लाल शाईने दुरुस्ती केली आहे, खाली सही आणि तारीख घातली आहे. आमच्या खात्यात खाडाखोड चालत नाही. जुनं वाचता येईल अशी एक रेघ मारायची आणि बाजूला बरोबर लिहायचं. तसंच केलं आहे.

ती मुलगी गेली दोन वर्षं पेटी शिकते आहे. मी तिला परवा विचारलं, "माझ्या भाषणानंतर 'वादळवाट'चे सूर वाजवशील का?" तिने आधी विचारलं, "काका, या वेळी कार्ड तपासलंत ना?" मी म्हटलं, "तुझ्या आजीला दाखवून आणलंय."

आजी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. बाळ, ये. कोणीतरी माईक जरा खाली करा, पेटीपाशी.